आधी ब्लॉक, मग दोर: झाडं उतरवणाऱ्या टोळ्यांच्या प्रमुखांना खुलं पत्र

झाडं तुकड्यातुकड्यांनी उतरवण्याची कामं घेणारे सर्व टोळीप्रमुख, मुकादम आणि त्यांच्यासाठी सामान खरेदी करणारे यांना,

सप्रेम नमस्कार.

मी खालचा माणूस आहे. एके काळी वर चढायचो, पण गुडघ्यांनी हात टेकल्यापासून दोराचं खालचं टोक सांभाळतो. खाली उभं राहिल्यामुळे एक गोष्ट मला वरच्यापेक्षा नीट दिसते. ओंडका सुटतो, दोर ताणला जातो आणि अख्खं खोड हलतं, तेव्हा वरचा गडी खोडाला बिलगलेला असतो. तो बघत नसतो, सोसत असतो. बघतो मी. आणि जे बघतो त्यात बहुतेक वेळा करवतीचा किंवा दोराचा दोष नसतो. ज्या ब्लॉकवरून (म्हणजे ओंडके झेलणाऱ्या जड कप्पीवरून) दोर फिरतो, तो ब्लॉक, त्याला झाडाशी बांधणारी स्लिंग आणि तो जिथे टांगला ती जागा, या तिघांत काहीतरी चुकलेलं असतं.

तुमच्या खरेदीच्या याद्या मी पाहिल्या आहेत, काही तर माझ्याच हाताने लिहिल्या आहेत. सगळ्यात वर करवत, मग हार्नेस, मग दोर, आणि खाली कोपऱ्यात ‘कप्पी – १’. किती भाराची, किती चाकाची, कुठल्या दोरासाठी, काही नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की ही यादी खालून वर लिहायला हवी.

का, ते एका दुपारवरून सांगतो. टोळीचं नाव घेत नाही, मीही त्यातच होतो. शेंडा आणि फांद्या उतरवून झाल्या होत्या, उभं खोड उरलं होतं. ब्लॉक दुसऱ्या कामावर गेलेला, म्हणून पेटीतली छोटी कप्पी वर पाठवली. गिर्यारोहक वापरतात तसली, हलत्या पट्ट्यांची, कॅराबिनरला (उघडझाप करणाऱ्या धातूच्या कडीला) अडकवलेली. पहिले दोन तुकडे ठीक उतरले. तिसरा जरा लांब कापला गेला. तो कलंडला, दोर ताठ झाला आणि वरून घण बसावा तसा आवाज आला. दोर तुटला असता तर आवाज वेगळा येतो, म्हणून मी वर पाहिलं. कप्पीची एक पट्टी वाकली होती, दोर चाकावरून उतरून चाक आणि पट्टीच्या मधल्या फटीत घुसला होता आणि तिथेच अडकला होता. माझ्या हातात दोर होता, पण तो सोडला काय आणि धरला काय, सारखंच. ओंडका जागच्या जागी थांबला आणि त्याचा सगळा हिसका खोडाने खाल्ला. वरच्याचे दोन्ही पाय सुटले, कमरेच्या दोरावर लटकून राहिला. त्याला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. खाली उतरल्यावर त्याने ती कप्पी माझ्या हातात दिली. जिथे नख जेमतेम शिरेल अशी फट होती, तिथे आता माझी करंगळी आरपार जात होती.

त्या कप्पीवर ताकदीचा आकडा कोरलेला होता आणि ओंडक्याच्या वजनाच्या मानाने तो भरपूर होता. म्हणूनच तर आम्ही ती वर पाठवली. आमची चूक आकडा वाचण्यात झाली.

दोर एका बाजूने वर जाऊन चाकावरून वळतो आणि दुसऱ्या बाजूने खाली येतो. एका टोकाला २०० किलो लटकले असतील तर ते धरून ठेवायला दुसऱ्या टोकालाही जवळपास तेवढाच ताण लागतो. ब्लॉक हे दोन्ही ताण एकटा पेलतो, म्हणजे ४०० किलो. दोराच्या दोन पायांत ९० अंशांचा कोन असेल तर हा आकडा ताणाच्या १.४ पटीवर येतो, १२० अंश असेल तर एक पटीवर. पण उभ्या खोडावरून ओंडके उतरवताना दोन्ही पाय समांतरच असतात, त्यामुळे दुप्पट धरूनच चालायचं. ब्लॉकवर कोरलेली भारमर्यादा असते ती या एकूण भाराची. दोराला लटकणारं वजन त्याच्या निम्मं धरायचं. हे एवढं जरी प्रत्येक टोळीत सगळ्यांना तोंडपाठ असलं तरी निम्मे वाकडे ब्लॉक सरळ राहतील.

आकड्यांतही दोन जाती आहेत, त्यांची गल्लत करू नका. एक असतो तुटण्याचा भार, दुसरा काम करायचा भार. ब्लॉकच्या बाबतीत दुसरा पहिल्याच्या पाचवा हिस्सा धरण्याची रीत आहे. दोराच्या बाबतीत दहावा हिस्सा, कारण दोर काचतो, उन्हाने सुकतो, आणि गाठ मारली की त्याच्या ताकदीचा चौथाई-तिसरा हिस्सा तिथेच जातो. आकडा किलोन्यूटनमध्ये असेल तर एक किलोन्यूटन म्हणजे ढोबळमानाने १०० किलोचं वजन. कप्पीवर ईएन १२२७८ असं लिहिलेलं असेल तर तो गिर्यारोहणातल्या कप्प्यांचा मानक आहे. माणसाचं वजन पेलायला, जखमीला उतरवायला ती उत्तम. ओंडक्यांशी तिचा संबंध नाही. उलटही तितकंच खरं: ओंडके उतरवलेला ब्लॉक, स्लिंग किंवा दोर पुन्हा कधीही माणसाच्या वजनाखाली वापरायचा नाही. दोन पेट्या, दोन रंग. यावर चर्चा नको.

आता हिशेब करून दाखवतो, कारण ‘अंदाज आहे आम्हाला’ हे वाक्य मी फार ऐकलं आहे. ओल्या लाकडाचं वजन जातीप्रमाणे बदलतं, पण घनमीटरला १,००० किलो धरलं तर सहसा फार चुकत नाही. ४० सेंटिमीटर जाडीचा, दीड मीटर लांबीचा ओंडका म्हणजे सुमारे १९० किलो. जाडी ६० सेंटिमीटर झाली की तोच ४२० किलोच्या पुढे जातो. जाडी दीडपट, वजन सव्वादोन पट. डोळा इथेच फसतो.

हा १९० किलोचा ओंडका आपण ब्लॉकच्या वरून कापतो. त्याचा गुरुत्वमध्य कापाच्या वर पाऊण मीटर, ब्लॉक कापाच्या खाली ३० सेंटिमीटर. म्हणजे मध्य ब्लॉकच्या वर १.०५ मीटर. ओंडका कलंडून दोर ताणला जाईपर्यंत तो साधारण तेवढाच ब्लॉकच्या खाली गेलेला असतो. एकूण पडझड, म्हणजे पडण्याचं अंतर, २.१ मीटर. खालच्याने घट्ट धरून तो अर्ध्या मीटरात थांबवला तर दोरात सरासरी ताण १,००० किलोच्या घरात जातो, आणि हिसक्याचा टोकाचा क्षण त्याच्याही बराच वर असतो. ब्लॉकवर त्याची दुप्पट. तोच ओंडका थांबवण्याआधी सावकाश दोन मीटर पळू दिला तर दोरात सरासरी ताण ३९० किलो. लाकूड तेच, दोर तोच, ब्लॉक तोच.

समजा तुमच्या दोराचा तुटण्याचा भार ५,००० किलो आहे. दहावा हिस्सा ५०० किलो. पळू दिलेला ओंडका या मर्यादेत बसतो, आवळून थांबवलेला बसत नाही. आणि या दोरासाठी ब्लॉक व स्लिंग किती ताकदीची हवी? तुटण्याचा भार किमान १०,००० किलो, म्हणजे दोराच्या दुप्पट. कधी काळी काही तुटायचंच असेल तर ते दोर असावं. दोर हातातून रोज सरकतो, त्याची झीज बोटांना कळते. ब्लॉकची पिन (दोन्ही पट्ट्या जोडणारा खिळा) आतून चिरली तर ती कोणाला दिसत नाही, आणि ब्लॉक सुटला की ओंडका, दोर आणि किलोभर धातू एकदम येतात. म्हणून म्हणतो, आधी ब्लॉक आणि स्लिंग ठरवा आणि त्यांच्या निम्म्या ताकदीचा दोर घ्या. आज होतं ते उलटं. ‘जाडा घ्या, मजबूत घ्या’ म्हणत दोर घेतला जातो आणि मग सगळ्यात कच्चा दुवा नेमका झाडावर टांगला जातो.

चाकाचा आकार हा दुसरा मुद्दा. दोर चाकावरून वळताना त्याचे बाहेरचे धागे ताणले जातात, आतले दाबले जातात. वळण जितकं तंग, तितके थोडे धागे सगळा भार घेतात. चाकाचा व्यास खाचेच्या तळाशी मोजून दोराच्या किमान चौपट असावा, ही खालची हद्द. हिसक्याच्या कामाला आठपट असेल तर दोराचं आयुष्य वाढतं. १४ मिलिमीटरच्या दोराला ५६ मिलिमीटरचं चाक चालून जाईल, ११२ मिलिमीटरचं शोभेल. खाच दोराच्या मापाची हवी. फार रुंद असली तर भाराखाली दोर त्यात चपटा होतो, अरुंद असली तर पट्ट्यांवर घासून काचतो. ज्या चाकावर एकदा पोलादी तारेचा दोर चालला, त्यावर धाग्याचा दोर घालू नका. तारेने उमटवलेल्या चरांच्या कडा किसणीसारखं काम करतात.

आणि बेअरिंग. दुकानात चाकाला टिचकी मारली की ते भिरभिरत राहतं, बघणारा खूश होतो आणि तेच घेतो. बॉल बेअरिंगची चाकं ओझं सावकाश वर ओढायला झकास आहेत. पण हिसका बसला की छोट्या छोट्या गोळ्यांच्या टेकण्याच्या जागी खड्डे पडतात आणि काही दिवसांनी चाक खडखडू लागतं. ओंडका पडणार असेल तिथे साधं कांस्याचं बुश (गोळ्यांऐवजी आत बसवलेली नळी) असलेलं जड चाक घ्या. ते कमी फिरतं, पण मार खातं.

ब्लॉक मुळात जहाजांवरून आपल्याकडे आला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये पोर्ट्समथच्या गोदीत मार्क ब्रुनेल यांनी आखलेली आणि हेन्री मॉडस्ले यांनी घडवलेली यंत्रं १८०८ च्या सुमारास वर्षाला १,३०,००० ब्लॉक काढत होती. त्यांची कवचं एल्मच्या लाकडाची आणि चाकं लिग्नम व्हायटीची. हे लाकूड इतकं तेलकट की त्याला वंगण लागत नसे. (झाडाच्याच चाकावरून दोर फिरवण्याची ती गंमत आता गेली.) पण जहाजावरचा ब्लॉक ओढायला होता. शिडं चढायची, उतरायची, ताण हळूहळू वाढायचा. आपला ब्लॉक झेलायला असतो. म्हणून त्याची ठेवण वेगळी असते: दोरासाठी एका टोकाला मोठं चाक, स्लिंगसाठी दुसऱ्या टोकाला गोल कडांचं छोटं बुश, आणि दोन्ही बाजूंना चाकाच्या कडेबाहेर येणाऱ्या जाड पट्ट्या, ज्यांच्यामुळे ब्लॉक खोडावर आपटला तरी दोर चिरडत नाही. स्लिंग थेट त्या बुशवर बसते, मध्ये कॅराबिनर लागत नाही. आणि लावूही नये. कॅराबिनर भार सरळ लांबीत आला तरच आपल्या ताकदीचा, आणि हिसक्यात तो खोडाच्या कडेवर आडवा कधी पडेल याचा नेम नाही.

स्लिंगबद्दल थोडंच सांगतो, पण घोळ इथेच जास्त होतो. गाठ काऊ हिच असो वा टिंबर हिच, ती खोडाला घट्ट आवळलेली हवी आणि ब्लॉक खोडाला चिकटून बसायला हवा. सैल स्लिंगमध्ये ब्लॉक वीतभर खाली लोंबतो आणि ते वीतभर अंतर पडझडीत जमा होतं. खोड गुळगुळीत असेल तर स्लिंग सरकू नये म्हणून खाली एखादा खुंट राखा. भार कुठल्या दिशेने येणार ते आधी ठरवा आणि ब्लॉक त्या बाजूला तोंड करून बसवा. बाजूने ओढ आली तर पट्ट्या पिळवटतात. पिन पूर्ण बसली का, हे वरच्याने मोठ्याने सांगायचं आणि खालच्याने ऐकल्याचं सांगायचं. अर्धी बसलेली पिन खालून बसल्यासारखीच दिसते.

ब्लॉक कापाच्या किती खाली टांगायचा यावर वरच्याशी माझं कायम वाजतं. एकदा टांगून दोन तुकडे काढले की एक वेळचं सरकवणं वाचतं, असा त्याचा हिशेब. मान्य, हात भरून आलेले असतात. पण ब्लॉक ३० सेंटिमीटरऐवजी १.३ मीटर खाली राहिला तर वरच्या उदाहरणातली पडझड २.१ मीटरवरून ४.१ मीटर होते. पाच मिनिटांच्या बचतीसाठी जवळपास दुप्पट. त्यापेक्षा तुकडे लहान करा. तोच ओंडका दीड मीटरऐवजी पाऊण मीटरचा कापला तर वजन निम्मं होतंच, शिवाय गुरुत्वमध्यही खाली येतो आणि पडण्याचं अंतर घटतं. दोन्ही मिळून थोपवायची ऊर्जा एक तृतीयांशावर येते. काम लवकर उरकायचं म्हणून लांब तुकडे मागणाऱ्या मुकादमांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

घर्षणाच्या कड्यांबद्दल (ब्लॉकऐवजी टांगतात त्या धातूच्या रिंगांबद्दल) हल्ली सगळे विचारतात. त्यात फिरणारं काहीच नसतं, दोर गुळगुळीत धातूवरून घासत जातो. वजनाला हलक्या, बिघडायला काही नाही, फांद्यांच्या कामाला मला आवडतात. कड्यावरच्या घर्षणामुळे खालच्या बाजूचा ताण कमी राहतो, म्हणून टांगणीवरचा भारही दुपटीपेक्षा कमी होतो. पण त्याची किंमत आहे. दोर ताणून धक्का गिळतो, आणि कड्यापाशी घर्षण जास्त असलं की हे ताणणं मुख्यतः ओंडक्याच्या बाजूच्या तोकड्या दोरात होतं. खाली येणारा लांब दोर फारशी मदत करत नाही. ब्लॉकवरून मात्र दोन्ही बाजूंचा दोर कामाला लागतो. शिवाय कडं लहान, वळण तंग. झाडाच्या बेचक्यातून दोर फिरवणं हे याचंच जुनं रूप. साल सोलवटते, दोर जळतो, आणि घर्षण प्रत्येक बेचक्यात वेगळं. हलक्या डहाळ्यांना चालेल, ओंडक्यांना नाही.

खालच्या टोकाला खोडाच्या बुंध्याशी बांधलेला बोलार्ड (दोराला वेढे द्यायचा धातूचा खुंटा) हवा. हाताने धरणं किंवा खोडाभोवतीच वेढे घेणं थांबवा. वेढ्यांचं गणित भन्नाट आहे: घर्षणाचा गुणांक ०.२५ धरला तर एका पूर्ण वेढ्याने पकड सुमारे ४.८ पट होते, दोन वेढ्यांनी २३ पट. म्हणून घाबरलेला माणूस एक वेढा जास्त मारतो आणि तिथेच फसतो, कारण मग दोर पळतच नाही. ओंडका आपटून थांबतो आणि सगळा भार वर ब्लॉकवर, खोडावर आणि वरच्या गड्यावर जातो. पळू देणं ही हिंमतीची गोष्ट आहे, आणि ती हलक्या तुकड्यांवर सराव करूनच येते. पहिला तुकडा कायम लहान काढा. त्यावरून दोन्ही माणसांना कळतं, आज दोर कसा सरकतोय. दोराच्या कोनाच्या आत कुणी उभं राहायचं नाही, ब्लॉक सुटला तर त्याच रेषेत भिरकावला जातो.

तपासणीला सकाळची दोन मिनिटं पुरतात. चाक अंगठ्याने फिरवा, मग दोन बोटांत धरून डावीकडे-उजवीकडे हलवून पाहा. खुळखुळलं तर बुश गेलं. खाचेत बोट फिरवा, कुठे धार लागते का बघा. पट्टीवर सरळ कडेची फूटपट्टी ठेवा, खालून उजेड दिसला तर पट्टी वाकली आहे. पिनची स्प्रिंग सोडल्यावर झटकन बसली पाहिजे, रेंगाळली तर आत भुसा किंवा गंज आहे. प्रत्येक ब्लॉकला नंबर रंगवा आणि वहीत लिहा: कधी घेतला, कधी मोठा हिसका बसला, कधी उंचावरून पडला. पडलेला ब्लॉक ‘दिसायला तर ठीक आहे’ म्हणून परत पेटीत टाकू नका.

आता मागणं. ब्लॉक, स्लिंग आणि दोर एकत्रच खरेदी करा, त्या त्या दोराच्या हिशेबाने. बाद केलेला ब्लॉक त्याच दिवशी पिन काढून भंगारात टाका, ‘असू दे, कधी लागला तर’ म्हणून ठेवू नका. त्या दुपारची कप्पी अशाच ‘असू दे’मधून वर गेली होती. आणि खालच्या माणसाने ‘हा तुकडा लहान कर’ म्हटलं तर वरच्याने तो लहान करायचा, मुकादमाने मध्ये बोलायचं नाही. दोराचं टोक त्याच्या हातात आहे.

ती कप्पी मी अजून ठेवली आहे. पिन काढली आहे, लाल रंग फासला आहे. नवा गडी आला की त्याच्या हातात देतो आणि त्या फटीत करंगळी घालून बघायला सांगतो. तुमच्यापैकी कुणाला बघायची असेल तर घेऊन येईन.

आपला,
दोराच्या खालच्या टोकाचा एक जण